चौदा बोल्ट

यंत्रं विकणाऱ्या पेकच्या आवारात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी उभी होती आणि हेसुक त्यांच्याभोवती तिसरी फेरी मारत होती. जानेवारीची सकाळ. पायाखालचा बर्फ घट्ट झालेला, रबरी बुटांखाली करकर वाजणारा. तिचा नवरा छांगिल मात्र डावीकडच्या लहान यंत्रापाशीच रेंगाळला होता. हातमोजा काढून त्यानं यंत्राच्या पोटावरच्या दोन खिट्ट्या उघडल्या, लावल्या, पुन्हा उघडल्या. झाकण दारासारखं एका बाजूला फिरायचं आणि आतलं पात्यांचं चाक सगळंच्या सगळं समोर यायचं.

त्यांचा आता ट्रॅक्टर तेवढा उरला होता. अकरा वर्षं ज्या बागेत राबले ती खंडानं घेतलेली होती. म्हातारा मालक गेला आणि मुलानं शहरातूनच जमीन सौर पट्ट्यांच्या कंपनीला देऊन टाकली. झाडं यांनी लावलेली, यांनी वाढवलेली, पण झाडं जमिनीबरोबर जातात. पंचावन्न एचपीचा ट्रॅक्टर, पन्नाशीला टेकलेली दोन माणसं आणि पामगोलच्या खोऱ्यातल्या इतरांच्या चाळीसेक सफरचंदाच्या बागा, एवढंच काय ते हाताशी होतं. हिवाळी छाटणी झाली की त्या बागांत फांद्यांचे ढीग पडत. पूर्वी बांधावर नेऊन जाळत. डोंगरावर तो मोठा वणवा लागल्यापासून काडी ओढायलाच बंदी आली, आणि बहुतेक बागायतदार सत्तरीपुढचे. ढीग तसेच पडून राहू लागले. छांगिलच्या डोक्यात आलं की ट्रॅक्टरमागं फांद्या बारीक करणारं यंत्र जोडावं आणि भाड्यानं बागोबाग फिरावं.

"वहिनी, ते लहानगं म्हणजे म्हाताऱ्याचं जेवण," पेक म्हणाला. तो जाडजूड होता आणि बोलताना खिशात हात घालून पोट पुढं काढायचा. "एकेक घास भरवत बसायचं. तेसुद्धा फांदीच्या आडव्या काड्या सोलून. आणि हे..." त्यानं मोठ्या यंत्राच्या रुंद तोंडावर थाप मारली. "याच्यापुढं नुसतं धरायचं."

छांगिलनं विचारलं, मोठं धुवायचं कसं. पेक हसला आणि म्हणाला, यंत्राला काय आंघोळ घालायचीय. छांगिल हसला नाही. शेजारच्या तालुक्यात आगकरपा आला होता. त्या रोगानं सफरचंदाचा कोवळा शेंडा भाजल्यासारखा काळा पडतो आणि एका झाडापायी सगळी बाग उपटून पुरावी लागते. कृषी केंद्राच्या शिबिरात छांगिल दोन दिवस पहिल्या रांगेत बसून आला होता. कात्री असो, करवत असो, यंत्र असो, एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना आतला चुरा काढून औषध मारायचंच, असं तिथं सांगितलं होतं. तेव्हा पेकनं जरा नाखुशीनंच मोठ्या यंत्राखाली बोट दाखवलं. खालचा पत्रा काढावा लागतो. चौदा बोल्ट आहेत. सपाट जागा हवी, तासभर लागतो. पण असं कोण रोज काढतंय?

मग त्यानं दोन्ही यंत्रं चालवून दाखवली. लहान यंत्रात हेसुकनं फांदी घातली ती अडली. तिनं रेटली, परत अडली, आणि उजव्या खांद्यातून ती ओळखीची कळ मानेपर्यंत गेली. अकरा हंगाम क्रेट उचलून तो खांदा असा झाला होता की सकाळी केस बांधायला हात वर जात नसे. छांगिलच तिच्या मागं बसून केस गोळा करायचा आणि वाकडातिकडा बुचडा घालून द्यायचा. मोठ्या यंत्रापुढं तिनं दुसरी फांदी धरली, आडव्या काड्यांसकट, चांगली मनगटाएवढी. आतल्या दोन रुळांनी ती अलगद ओढून घेतली. कुणीतरी वाटेत भेटून, द्या इकडं मी नेतो, असं म्हणत हातातलं ओझं घ्यावं तशी. हेसुक रिकाम्या हातांकडं बघत उभी राहिली. मग तिनं आणखी एक फांदी घातली, नको असताना.

"हेच घेऊ," ती म्हणाली.

"छोटं उघडतं," छांगिल म्हणाला. एवढंच.

"उघडून बघायला ती काय दागिन्यांची पेटी आहे?"

पेक खो खो हसला. छांगिललाही हसू आलं. त्यानं लहान यंत्राच्या खिट्ट्या नीट लावल्या, हातमोजा चढवला आणि म्हणाला, "फांद्या तुला घालायच्यात. खांदा तुझा. तू ठरव."

तिनं ठरवलं.

नवं यंत्र आलं की त्याच्यापुढं डुकराचं शिजवलेलं डोकं मांडून नमस्कार घालायची खोऱ्यात रीत होती. हेसुकनं लाल चवळीचा थर देऊन तांदळाच्या वड्या उकडल्या, अंगणात चटई घातली. पहिला नमस्कार क्वन आबांचा. आबा ब्याऐंशी वर्षांचे, पाठीतून वाकलेले, पण खोऱ्यात सफरचंदाचं पहिलं रोप त्यांनीच लावलेलं. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची हे छांगिलला त्यांनीच शिकवलं होतं. आबांनी यंत्राच्या चाकांवर मक्कल्ली, तांदळाची दारू, शिंपडली, उरलेला वाडगा स्वतः प्यायले आणि डोक्याकडं बघून म्हणाले, "छांगिल, हे डुक्कर तुझ्यापेक्षा जास्त हसतंय. भाड्याच्या धंद्यात तोंड हसरं लागतं, याच्याकडनं शिकून घे."

त्या दिवशी सोराही आली होती, पाठीशी बाळ बांधून. सोरा आणि तिचा नवरा थेग्यंग शहरातली नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी खोऱ्यात आले. आबांच्या बागेखालच्या उतारावर त्यांनी चारशे रोपं लावली. येत्या शरदात त्यांचं पहिलं भरघोस पीक हाती यायचं होतं, सगळं त्याच्यावरच होतं. बाळाचं नाव बोम, नऊ महिन्यांची. एकोणीस वर्षांत गावात जन्मलेलं पहिलंच बाळ, त्यामुळं ती आली की बायका तिला हातोहात फिरवत आणि सोराच्या वाट्याला शेवटीच यायची. हेसुकला स्वतःचं मूल नव्हतं. कोबीला मीठ किती वेळ लावायचं इथपासून पोटात कळ आली तर बाळाचे पाय कसे दाबायचे इथपर्यंत सोरा सगळं हेसुककाकूला विचारायची. आणि काकू, जिला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं, ती आधी दुसऱ्या बायकांना विचारून यायची आणि मग आपलंच असल्यासारखं सांगायची.

काम मिळालं, आणि भरपूर मिळालं. फेब्रुवारीभर ट्रॅक्टर उभा राहिला नाही. छांगिल यंत्र बागेच्या कडेला लावी, हेसुक फांद्यांचा जाड बुडखा आधी धरून रुळांत देई. पांढरट ढलप्यांची कमान नळीतून उडे आणि झाडांच्या बुंध्याशी पडे. संध्याकाळी अंगावर कापडाच्या आत, कानात, दातांत चुरा. पण खांदा गप्प होता. हेसुक एका सकाळी स्वतः केस बांधून बाहेर आली तेव्हा छांगिल चहाचा कप धरून बघतच राहिला. आता मला काम काय उरलं, असं म्हणाला आणि जरा हिरमुसल्यासारखाच दिसला.

त्याला काम होतं. बाग संपली की घरी येऊन तो अंगणातल्या फरशीवर फाटकं गोधडं टाकायचा, त्यावर उताणा पडून यंत्राखाली सरकायचा आणि एकेक बोल्ट काढायचा. थंडीनं पाना बोटांना चिकटायचा. हेसुक वाटीत बोल्ट मोजून घ्यायची. चौदावा नेहमी रुसल्यासारखा अडकून बसे. मग खाली पत्रा उतरायचा, आतला ओला, चिकट चुरा हातानं ओरबाडून काढायचा, औषध फवारायचं आणि पुन्हा चौदा बोल्ट. छांगिलनं एक तक्ता केला होता. तारीख, बागेचं नाव आणि पुढं औषध मारल्याची खूण. कृषी केंद्राला दाखवावा लागे. त्याचा नियम सोपा होता. एका दिवशी एकच बाग, रात्रीपूर्वी धुणं, दुसऱ्या दिवशी पुढची बाग.

मार्चच्या शेवटी नियम मोडायची वेळ आली. पाच दिवस पाऊस लागून राहिला. झाडांच्या डोळ्यांतून हिरवं डोकावायला लागलं आणि फांद्यांचे ढीग अजून खाली पडलेले. कळ्या सुटायच्या आत फवारणी करायची तर ढीग आधी उचलायला हवेत. सगळ्यांनाच घाई झाली. सोरा रोज फोन करायची. काकू, आमच्याकडं कधी? काकू, उद्या जमेल का? कधी हसत, कधी रडवेली होऊन. शेवटी हेसुकनंच ठरवलं की शनिवारी सकाळी आबांकडं आणि दुपारी सोराकडं. दोन्ही बागा एकाच रस्त्यावर होत्या. मधे औषध मारून घेऊ, असं छांगिल म्हणाला आणि पाना, फवारा, गोधडं ट्रॅक्टरवर टाकून निघाला.

आबांची झाडं साठीची. बुंधे काळे, सालीला भेगा, जुन्या जखमांच्या जागी खोलगट चट्टे. त्यांच्या फांद्या जड होत्या आणि चुरा गडद, तपकिरी पडत होता. अकराला काम संपलं. आबांच्या सुनेनं ओट्यावर वाफाळतं सोयाबीनचं कालवण, मुळ्याची किमची आणि मक्कल्लीची किटली मांडली. शेजारच्या दोन बागांतले म्हातारेही गप्पांना येऊन बसले होते. छांगिलनं मात्र ट्रॅक्टर फाटकापाशी सपाटीला लावला, गोधडं पसरलं आणि पाना काढला.

"आता हे काय?" आबांनी ओट्यावरूनच विचारलं.

छांगिलनं सांगितलं, पुढच्या बागेत जायचं आहे, धुऊन नेतो, केंद्राचा नियम आहे. म्हाताऱ्यांतला एक हळूच म्हणाला की आबांच्या बागेला महारोग झालाय म्हणजे. दुसऱ्यानं तोंड फिरवून हसू दाबलं. आबा उठले. वाकलेल्या पाठीनं एकेक पायरी उतरून गोधड्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"चाळीस वर्षं तू या बागेतली सफरचंदं खाल्लीस. न धुता, शर्टाला पुसून. आता माझ्या फाटकातून निघताना मला धुऊन टाकतोस? उद्या माझी तिरडी उचलशील तेव्हा खाली ठेवल्या ठेवल्या हात धुशील का रे?"

छांगिलचा चेहरा मानेपासून लाल झाला. त्याच्या हातात पाना होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना. तो हेसुककडं बघत होता.

हेसुकला त्या क्षणाचा नंतर पुष्कळ विचार करता आला. लहान यंत्र असतं तर प्रश्नच नव्हता. मान लववून निघालो असतो, वळणापलीकडे ओढ्यापाशी थांबलो असतो, दोन खिट्ट्या, दहा मिनिटं, आबांना कळलंही नसतं. हे धूड घेऊन वळणापलीकडे काय करणार? तिथं उतार. तासभर सपाट जागा लागणार आणि ती आबांच्या फाटकापाशीच होती, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसमोर. घरी परत जावं तर दुपार गेली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सोराच. काकू, जेवण तयार आहे, बोम झोपायच्या आत या, तिला यंत्र दाखवायचंय.

"राहू द्या हो," हेसुक नवऱ्याला म्हणाली. "चौदा बोल्ट काढून परत लावायचे, दुपार होईल. संध्याकाळी एकदमच धुऊ. आबा, यांचं मनावर घेऊ नका. शिबिराला जाऊन आल्यापासून हे मलासुद्धा धुवायला निघालेत."

म्हातारे हसले. आबाही हसले आणि छांगिलच्या हातात वाडगा दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून, थोरांपुढं पिताना वळवतात तसं तोंड बाजूला वळवून रिकामा केला, गोधड्याची घडी घातली.

सोराच्या बागेत उन्हं होती. तारांवर बांधलेली कोवळी झाडं, गुळगुळीत साल, रेषेत उभी. छांगिलनं यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा पीटीओ सुरू केला. नळीतून आधी काळपट चुऱ्याचे दोन-तीन झोत आले, आत राहिलेले. मग पांढऱ्या, ओल्या, गोडसर वासाच्या ढलप्या. सोरा बाळ पाठीशी घेऊन दंताळ्यानं चुरा झाडांच्या बुंध्याशी ओढत होती, फाटकापासून सुरुवात करून. बोमनं मुठीत काहीतरी पकडलं होतं. हेसुकनं जाऊन मूठ उघडली तर काळी ढलपी. तोंडात घालशील गं, म्हणत तिनं ती काढून झाडाखाली टाकली.

संध्याकाळी छांगिलनं यंत्र नीट धुतलं. तक्त्यावर दोन बागा लिहिल्या, एकाच बागेपुढं खूण केली. दुसरा चौकोन रिकामा ठेवला. एवढी एक खूण करून टाकायचीत की, असं हेसुक म्हणाली तेव्हा तो म्हणाला, मारलं नाही तर कसं लिहू?

मे महिन्याच्या मध्याला, फुलं गळून बोराएवढी फळं धरली होती तेव्हा, थेग्यंगला फाटकाजवळच्या तिसऱ्या झाडावर एक शेंडा दिसला. आकड्यासारखा वाकलेला, पानं काळी, पण गळून न पडलेली. त्यानं हात न लावता केंद्राला फोन केला. पांढरे कागदी पोशाख घातलेली माणसं आली, पान ठेचून त्याचं पाणी एका छोट्या पट्टीवर टाकलं. दोन रेघा उमटल्या. सोरा तिथंच उभी होती. नंतर ती हेसुकला म्हणाली, "काकू, बोमच्या वेळी अशाच दोन रेघा आल्या होत्या. मी न्हाणीघरात एकटीच नाचले होते."

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या सगळ्या बागा तपासल्या. आबांच्या नऊ झाडांत आगकरपा सापडला. तिथला जुना होता. बुंध्यावरचे खोलगट चट्टे दोन-तीन वर्षांपासूनचे असावेत, असं अधिकारी म्हणाला. आबांना वाटायचं ते थंडीनं फुटलेत.

समाजमंदिरात चौकशी बसली. बांग नावाचा तरुण अधिकारी होता, नम्र, प्रत्येकासमोर थोडा वाकून बोलणारा. फरशीवर सगळे गोल करून बसले. आबा भिंतीला टेकून, शेजारी सून. समोर थेग्यंग आणि सोरा, मांडीवर बोम. बांगनं छांगिलचा तक्ता सगळ्यांसमोर उघडला आणि फेब्रुवारीपासून बोट फिरवत आला. असा स्वच्छ तक्ता मी पाहिला नाही, असंही म्हणाला. मग बोट थांबलं.

"तेवीस मार्च. क्वन यांच्या बागेपुढं खूण नाही."

छांगिलनं मान खाली घातली. बांगनं आवाज आणखी मऊ केला. औषध संपलं होतं का? की कुणी अडवलं? त्यानं सहज विचारलं, पण खोलीतल्या प्रत्येकाला नियम पाठ होता. ज्या बागायतदारानं औषध मारू दिलं नाही त्याची भरपाई निम्मी कापली जाते, आणि नाव तालुक्यात वाचलं जातं. आबांचे हात गुडघ्यांवर होते. त्या दिवशी हसलेले दोघे म्हातारे खिडकीबाहेर बघत होते.

छांगिलचे ओठ हलले. त्याच्या आधी हेसुक बोलली.

"मला घाई होती," ती म्हणाली. "हे पाना घेऊन बसले होते. राहू द्या म्हटलं मी. मोठं यंत्र आहे, चौदा बोल्ट काढावे लागतात. मी नको म्हटलं."

"तुम्ही?"

"मी."

बांगनं लिहून घेतलं. लिहिताना तो म्हणाला की रोग यंत्रानंच आला असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मधमाश्या असतात, वारा असतो, कात्र्या असतात. हे तो बहुधा प्रत्येक गावात सांगत असावा. हेसुक सोराकडं बघायचं टाळत होती, तरी दिसलंच. सोरा बोमच्या केसांतून बोटं फिरवत होती, फार सावकाश, एकाच जागी.

उठताना आबांना बुटात पाय घालता येईना. टाच बाहेरच राहत होती. सून पुढं गेली होती. छांगिल खाली बसला, त्यानं आबांचा घोटा धरून टाच आत सारली, दुसरीही सारली. आबा त्याच्या डोक्याकडं बघत उभे राहिले. आठवड्यानंतर त्यांच्या बागेत पोकलेन आलं तेव्हा ते घराबाहेर आले नाहीत. तीन दिवस सुनेनं खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी साठ वर्षांची मुळं तुटताना आवाज येतोच.

यंत्राला मग कुणी बोलावलं नाही. भांडलंही कुणी नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी आधीच नाव नोंदवून ठेवणारे लोक वाटेत भेटले की हवापाण्याचं बोलत आणि मान लववून पुढं जात. गावात याला शिक्षा म्हणत नाहीत.

सोराच्या बागेत पोकलेन यायच्या आदल्या दिवशी हेसुक आणि छांगिल कागदी पोशाख चढवून फाटकापाशी जाऊन उभे राहिले. झाडांबरोबर बुंध्याखालचा चुराही गोळा करून खड्ड्यात टाकायचा होता, चारशे झाडांखालचा, आणि थेग्यंगकडं माणूस नव्हता. या रोगाच्या बागेत कोण मजुरीला येणार? थेग्यंगनं त्यांच्याकडं बघितलं. मग तो बाजूला झाला.

सकाळभर काम चाललं. कागदी पोशाखात घाम पाझरत होता. मार्चमधल्या पांढऱ्या ढलप्या आता करड्या झाल्या होत्या, खालच्या थराला बुरशीचे पांढरे धागे फुटलेले, मातीला धरून बसलेले. फळं सुपारीएवढी झाली होती. वाकताना ती टोपीला लागत. हेसुक गुडघ्यांवर सरकत हातानं चुरा पोत्यात भरत होती. दंताळं उचलायला लागलं की खांदा पुन्हा बोलायला लागला होता.

दुपारी सोरा बोमला शहरातून आलेल्या सासूपाशी ठेवून आली. तिनं फाटकाच्या बाजूनं सुरुवात केली. दोघी एका रांगेत समोरासमोरून येत मधे भेटल्या, आणि मधलं एकच झाड उरलं.

"आबांनी अडवलं होतं ना?" सोरानं विचारलं. हात थांबले नव्हते. "त्या म्हाताऱ्यांपैकी एकानं यांना सांगितलं. चौकशीत तुम्ही बोलला नाहीत."

हेसुक मागं टाचांवर बसली. ती म्हणाली की आबा टोचून बोलले, खरं आहे, पण हात धरला नव्हता. हात तिनंच धरला. आणि मग जे तिनं छांगिललाही कधी बोलून दाखवलं नव्हतं ते निघालंच. पेकच्या आवारात दुसरं यंत्र होतं. लहान. दोन खिट्ट्यांनी उघडणारं. ह्यांना तेच हवं होतं. "मी नको म्हटलं. फांद्या रेटायला लागतात म्हणून. माझा खांदा दुखतो म्हणून, सोरा. खांद्यासाठी."

सोरा तिच्याकडं बघत राहिली. मुखपट्टीच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते रागावलेले नव्हते. राग असता तर बरं झालं असतं.

"लहान असतं तर तुम्ही आमच्याकडं एप्रिलातसुद्धा पोचला नसता," ती म्हणाली. "कळ्या उघडल्या असत्या. मग कदाचित मीच ढीग बांधावर नेऊन टाकला असता." ती थांबली. "मी रोज फोन करत होते, काकू. त्या दिवशीसुद्धा केला. जेवण तयार आहे म्हटलं. झालं नव्हतं जेवण. भात लावायचा होता अजून. तुम्ही लवकर यावं म्हणून म्हटलं."

हेसुकनं मान हलवली, जोरजोरात, नाही म्हणून. ते काही नव्हे गं, ते मोजायचं नाही, त्याचा यात काय संबंध, असं ती म्हणत राहिली. सोरानंही तशीच मान हलवली. दोघींच्या मधे करड्या चुऱ्याचा वीतभर थर होता. त्यातला किती कुणाचा हे ठरवून वाटून घेता आलं असतं तर हेसुकनं सगळाच पोत्यात भरून उचलला असता. पण सोरानं आपल्या बाजूचा ओंजळीत घेतलाच होता, आणि तो ती सोडायला तयार नव्हती.

खालच्या रस्त्यावर पोकलेन वाहून आणणारा ट्रक वळणं घेत वर चढत होता. उद्या यायचा तो आजच आला होता. थेग्यंगनं वरच्या रांगेतून हाक मारून विचारलं, किती राहिलंय.

"एकच झाड," सोरा म्हणाली, आणि दोघी पुन्हा खाली वाकल्या.